किल्ल्यांची दोन रजिस्टरं

सत्तर सालाच्या आसपास जळगावातल्या आमच्या सहकारी बँकेला दोन साहेब तपासायला येत. एक सहकार खात्याचे, दुसरे मुंबईहून, देशाच्या मध्यवर्ती बँकेचे. तिजोरीच्या किल्ल्या रोज कोणाकडे होत्या, याचं रजिस्टर पहिल्यांना मराठीत हवं असे, दुसऱ्यांना इंग्रजीत. मी कारकून, मनात शिव्या देत दोन्ही लिहायचो.

एका हिवाळ्यात दोघे एकाच दिवशी टपकले. मॅनेजर घाबरून म्हणाले, "भाऊ, आता भरीतच वाचवेल आपल्याला." दोघांना मळ्यात नेऊन वांग्याचं भरीत आणि गरम पुऱ्या वाढल्या. जेवता जेवता त्यांची अशी गट्टी जमली, की जणू सख्खे भाऊ!

ढेकर देत परतले, माझी दोन्ही रजिस्टरं शेजारी शेजारी उघडली आणि एका सुरात माझ्यावर ओरडले, "एका कामाला दोन रजिस्टरं कशाला?"