फिजिक्सच्या सरांना गोष्ट येईना

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. थोडंफार मीठ मी टाकलंय, पण ते चवीपुरतं! लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवता शिकवता माझं डोकं पांढरं झालं, आणि स्टाफरूममध्ये किस्से साचत गेले, पोरांनी न नेलेल्या झेरॉक्ससारखे. कुठं ठेवायचे? म्हणून तुमच्या माथी.

*

सुरुवात झाली ती आमच्या फिजिक्सच्या बिराजदार सरांच्या लेकीपासून. ओवी दुसरीत. एका रविवारी दुपारी म्हणाली, "पप्पा, गोष्ट सांगा की!"

कॉलेज सुटल्यापासून सरांनी गोष्टीचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. तरी घसा खाकरून म्हणाले, "एक राजा होता. तो शंभर मीटर उंच बुरुजावर उभा होता."

"का उभा होता? त्याला दुःख कशाचं होतं?"

सरांनी विचार केला. "ते गणितात दिलेलं न्हाई."

ओवीनं निकाल लावून टाकला. "सुट्टीत मी नांदेडला मामाकडंच राहणार. मामाला गोष्टी येतात."

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये असे बसले होते, जसा काही त्यांचा टॉपर शेजारच्या क्लासनं पळवलाय. "सुट्टीच्या आत मला गोष्ट यायला पाहिजे. सिलॅबस सांगा!"

*

म्हणून आम्ही रविवारची बैठक काढली. कथा-कादंबऱ्या वाचायच्या, चहा घ्यायचा, बास! पण आमच्या संचालकांना सुगावा लागला. लगेच गेटवर फ्लेक्स: 'कथा-कादंबरी क्रॅश कोर्स. मर्यादित जागा.' शेजारी संचालकांचा हात जोडलेला फोटो. या माणसानं शेवटचं काही वाचलं असेल, तर ते लाइटबिल!

फ्लेक्स बघून जळकोटचे एक पालक पोराला घेऊन आले. "सर, या कोर्सला परीक्षेत वेटेज किती हाय?"

"काहीच नाही."

"मग वाचून काय होतंय?"

"बरं वाटतं."

त्यांनी पोराचा हात घट्ट धरला आणि जाता जाता मला हळूच म्हणाले, "सर, तब्येतीला जपा."

*

बैठकीला पुस्तकं पुरवायचे सलीमभाई. क्लाससमोर त्यांचं बाइंडिंगचं दुकान, वडिलांच्या काळापासूनचं. त्यांनी बिराजदार सरांची खोड बरोबर पकडली. कादंबरी हातात आली की सर आधी शेवटचं पान उघडायचे. उत्तरं मागंच असतात ना!

सलीमभाईंनी काय करावं? पुढची कादंबरी देताना शेवटची पानं काढून घेतली आणि वर नवीकोरी बाइंडिंग मारून दिली!

सर तणतणत दुकानात. "शेवट कुठाय?"

"हाय माझ्या गल्ल्यात. पहिले तुम्ही सांगा सर, काय झालं असंल."

रविवारी सर चार शेवट तयार करून आले. ए, बी, सी, आणि डी: 'यापैकी नाही'! आम्ही पोट धरून हसलो. पण सी ऐकताना सगळ्यांचा चहा गार झाला, हेही खरं.

*

बायोलॉजीच्या शिंदे मॅडम आमच्यात सगळ्यात कडक. "प्रेमभंगानं कुणी मरत नसतं. हृदय हा स्नायू आहे," असं बजावून त्यांनी एक कथा मोठ्यानं वाचायला घेतली. अर्ध्यात आवाज बसला. पदर डोळ्यांना.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. खडूचा कण गेला."

क्लासमध्ये डिजिटल बोर्ड येऊन जमाना झाला!

*

सुट्टी लागली. सर ओवीला नांदेडला सोडायला निघाले. मलाही तिकडं काम होतं, म्हणून एकाच एसटीत. ओवी खिडकीशी, सरांच्या कपाळावर घाम. आज जमलं नाही, तर पोरगी कायमची मामाची!

लातूर सुटल्यावर सर हळूच म्हणाले, "एक विहीर होती. ती रुसली आणि गाव सोडून चालायला लागली."

"का रुसली?"

झालं! मी डोळे मिटून घेतले.

"सगळे तिच्यात वाकून आपलंच तोंड बघायचे," सर म्हणाले. "तू कशी हाईस, असं तिला कुणी विचारलंच न्हाई."

पुढच्या सीटवरच्या बाईनं मोबाइल बंद केला. विहीर शिवार ओलांडून चाललीय, पाणी हिंदकळतंय, मागं अख्खं गाव बादल्या घेऊन धावतंय...

"बाबा, चाकूर आलं! उतरा!" कंडक्टर एका फेटेवाल्या म्हाताऱ्यावर ओरडला.

"थांब रे! विहीर कुठं निघाली, ते कळू दे."

"तिकीट चाकूरचं हाय तुमचं!"

"मग फाड की पुढचं! हितं गाव तहानेनं मरायला लागलंय, अन् तुला तिकिटाचं पडलंय!"

नांदेडच्या स्टँडवर मामा हजर. "चल ओवी, मस्त गोष्ट सांगतो!"

ओवी जागची हलेना. "पप्पा, मग ती कुठं गेली?"

"खरं सांगू? मलापण अजून माहीत न्हाई गं."

ओवीनं त्यांचा हात धरला. मग खिडकीतून म्हणाली, "मामा, मी ऱ्हात न्हाई. परत जाताना आम्हाला ती हुडकायचीय."

मागच्या सीटवरून म्हातारा म्हणाला, "मीबी येतो!"

आता यात मी घुसडलेलं एवढंच, की म्हातारा नांदेडपर्यंत आला नव्हता. तो अहमदपूरलाच उतरला.