सात खणांच्या पेटीचा पाया

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे 'फिनिशिंग' म्हणत. वेल्डर होता तो, पण केलेला जोड कुठे दिसला की त्याच्या जिवाची घालमेल व्हायची. मग घास घास घासायचा, इतकं की जोड नेमका कुठे आहे हे त्याचं त्यालाच शोधावं लागे. गिऱ्हाइकं खूश व्हायची, मालक वैतागायचा. "अरे, पाइप जमिनीत पुरायचाय! तिथे काय उंदरांना दाखवायचाय का?"

या हौसेपायी त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची दोन बोटं गेली. म्हणजे हाताला आहेत, पण वळत नाहीत.

भावोजी त्याच वर्कशॉपमध्ये इंजिनाची कामं करत. त्यांची हत्यारांची लोखंडी पेटी छातीएवढी उंच, सात खणांची, भरली की चौघांनाही हलायची नाही. तिला चाकांचा पाया करून दे, असं त्यांनीच सांगितलं होतं. फिनिशिंगने चौकोनी पाइपची चौकट केली, खाली चार चाकं बसवली. पण चाकं बाहेर डोकावली तर दिसायला वाईट, म्हणून ती चारही बाजूंनी तीन-तीन इंच आत घेतली आणि वरून पत्र्याची पट्टी मारली. पेटी तरंगतेय असं वाटायला लागलं. त्याने दहा जणांना बोलावून ती दाखवली. पुढची चाकं फिरती होती, पेटी पुढे ढकलली की मागे वळून आणखी दीड इंच आत जायची. हे त्याला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण तोल बघितला तो रिकाम्या पेटीचा, आणि तोही खण बंद असताना.

महिनाभराने भावोजींनी घाईत तीन खण एकदम उघडले आणि पेटी अंगावर आली. ते हाताने अडवायला गेले. खणाची कड आणि शेजारचं लोखंडी टेबल यांच्यात उजव्या हाताची बोटं सापडली.

दवाखान्यात ते पहिलं वाक्य बोलले ते हे, "चूक माझीच. तीन खण उघडले मी." सगळ्यांनी मान डोलावली. फिनिशिंगनेही डोलावली.

दुसऱ्या दिवशी कोणी यायच्या आत तो पेटीपाशी गेला. आदल्या दिवशीच पोरांनी ती उभी करून हत्यारं परत भरून ठेवली होती. एक हात तिला टेकवून त्याने वरचे दोनच खण ओढले. मागची चाकं जमिनीवरून सुटली. दोन खण तर कुठलाही मेकॅनिक दिवसातून दहादा उघडतो. एखादा भला माणूस तसाच दवाखान्यात धावला असता. हा ग्राइंडरकडे धावला. खण उपसून त्याने पेटी आडवी केली, आणि मालक येईपर्यंत पायाचे तुकडे होऊन भंगारात पडले होते. "अपशकुनी वस्तू कशाला ठेवायची," तो म्हणाला, आणि मालकालाही ते पटलं.

त्यानंतर सहा महिने तो मूग गिळून बसला. सांगायचं रोज ठरवायचा. बहिणीकडे जायचा, भावोजींची विचारपूस करायचा, चहा घ्यायचा. बहीण मुळातच फटकळ. नवऱ्याच्या डाव्या हातातून चमचा निसटला, की म्हणायची, "करा अजून घाई!" शर्टाची बटणं लावून देताना म्हणायची, "एक एक खण उघडला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?" भावोजी खाली मान घालून ऐकून घ्यायचे. समोर फिनिशिंग चहा पीत बसलेला असायचा. कप रिकामा करूनच तो उठायचा.

मग मालक म्हणाला, "सोमवारपासून तुझे भावोजी कामावर येतायत. पेटीला पुन्हा पाया कर."

चार दिवस तो दुसऱ्या कशाला शिवला नाही. एकेक खण वजनकाट्यावर ठेवला. जाड अँगलची चौकट केली, चाकं पेटीच्या अंगाबाहेर काढली, पुढच्या बाजूला तर हातभर. चारही चाकांना ब्रेक लावले. जोड होते तसेच जाडेभरडे ठेवले, कानस लावली नाही. शेवटी सातही खण उघडून वरच्या खणाला स्वतः लोंबकळला. पेटी तसूभर हलली नाही. वरातीमागून घोडं! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की तो तिथेच फरशीवर बसला.

सोमवारी भावोजी आले. पाया बघून हसले. "फिनिशिंग, काय कुरूप केलंयस रे हे!" मग डाव्या हाताने एक खण उघडला, पाना घेतला, खण बंद केला, हाताने दाबून खात्री केली. तेव्हा कुठे दुसरा उघडला.

"सगळे उघडा भावोजी, काही होत नाही आता."

"नको बाबा. अक्कल आलीय मला."

ते ऐकून त्याला राहवलं नाही. "तुमची चूक नव्हती," तो म्हणाला, आणि तीन इंच, दोन खण, ग्राइंडर, सगळं सांगून मोकळा झाला.

भावोजींनी हातातला पाना परत खणात ठेवला. "बोटांचं सोड," ते म्हणाले. "हात चुकतो माणसाचा. पण सहा महिने मी स्वतःला मूर्ख म्हणत होतो, आणि तू समोर बसून चहा पीत होतास." मग म्हणाले, "तुझ्या ताईला तूच सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, मेहुण्याच्या डोक्यावर खापर फोडतोय."

बहिणीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. ती ओटा पुसत होती. त्याने दारातच उभं राहून सांगितलं. शिव्या मिळतील असं त्याला वाटलं होतं, नव्हे, त्या मिळाव्यात म्हणूनच तो धावत आला होता. पण ती ऐकत गेली तसा तिचा हात थांबला.

"एकदाही उलटून बोलले नाहीत रे ते," ती म्हणाली. "त्यांना वाटायचं, मी बोलतेय ते खरंच आहे."

"ताई, मी..."

ती त्याला ओलांडून बाहेर आली आणि चप्पल पायात घातली.

"मला आधी त्यांची माफी मागू दे," ती म्हणाली. "तुझं नंतर बघू."