माझ्या भिंतीवरचे निळे छाप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी बोलत असताना मधेच कुणी दात काढलेले मला खपत नाहीत. आणि फजिती माझी स्वतःची आहे, तेव्हा पहिला हसायचा मानही माझाच!

चिकलठाण्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर माझ्यासाठी एक खोली काढायची ठरली. खालचा स्लॅब जुना, विटांचं ओझं पेलायचा नाही. म्हणून लोखंडी सांगाडा उभा करायचा, त्याला बाहेरून सिमेंटचे बोर्ड कसायचे आणि वरून प्लास्टर द्यायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पक्की भिंत!

आता बोर्डात दोन जाती. एक तपासून, छाप मारून आलेला. दुसरा बिनछापाचा, दिसायला तस्साच, भावाला हलका. माझी धाकटी जाऊ कौसल्या देवगाव रंगारीला असते. तिनं गेल्या साली बिनछापाचा लावला होता. फोनवर मला म्हणते, "अक्का, छापबिप सगळं थोतांड! माल तोच. दुकानदारानं गंडवलं तुम्हाला."

गंडवलं? मला? चौथीनंतर शाळा सुटली, पण किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकलेली बाई आहे मी. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा भिंग लावून वाचते, मगच घोट घेते. घेतला तर छापाचाच!

पण कौसल्या काय गप बसते? तिनं साऱ्या भावकीत पुकारा केला, "अक्काला शहरात फसवलं." आणि रविवारी खोलीच्या पूजेला सगळी भावकी येणार. म्हणजे भिंत राहिली बाजूला, पणाला लागली माझी अक्कल!

बोर्ड लागले. एकेकावर ठसठशीत निळा छाप. बघून जीव सुखावला. तेवढ्यात आमचा रफिक मिस्त्री थापी घेऊन आला आणि पहिला थर थेट छापाच्या दिशेनं निघाला.

"थांब! छापावर पण देतो का काय?"

"हौ अम्मा. प्लास्टर तो पूरे पे आता."

"मग छाप दिसंल कसा?"

"दिखने के वास्ते थोडीच है वो!"

आता तुम्हीच सांगा, नवी वस्तू आणल्यावर तिच्यावरचा स्टिकर आपण काढतो का? आमचा फ्रिज एकदा रंगवून झाला, पण स्टिकर अजून शाबूत आहे. मी हुकूम सोडला, प्रत्येक छापाभोवती चौकोन उघडा ठेवायचा.

माझा मुलगा प्रदीप कळवळला, "आई, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी म्हणावं म्हणूनच ठेवतेय!"

लोक म्हणाले की! दुसऱ्याच दिवशी स्कूटरवरचा एक माणूस रस्त्यातून ओरडला, "आजी, बोर्ड कसे दिले?" मला वाटलं, कौतुक करतोय. मी गच्चीवरून त्याला छापाचे सगळे फायदे समजावले. सगळं ऐकून घेऊन म्हणतो, "चाळीस पाठवून द्या."

मग एक रिक्षावाला. "क्या अम्मा, होलसेल में देते क्या?" मग एक शिकवणीवाले सर आले, उरलेल्या भिंतीवर आपल्या क्लासची जाहिरात लावू द्या म्हणाले. भाजीवाली तर मेथी निवडता निवडता विचारते, "दुकान टाकलं म्हणं, मावशी?"

संध्याकाळी कौसल्याचा फोन. "अक्का, या वयात एजन्सी घेतली म्हणं! तरीच म्हटलं, छापाचं एवढं कौतुक कशापायी. कमिशन मिळतं व्हय?"

घ्या! काल मी फसलेली होते, आज फसवणारी झाले!

प्रदीपच्या गाडीवर बसून तडक दुकान गाठलं. दुकानदाराला म्हटलं, चल रविवारी, मी एजन्सीबिजन्सी घेतली नाही हे साऱ्यांसमोर सांग. तिथं कंपनीचा एक पोरगेलासा साहेब बसला होता. प्रदीपनं मोबाइलवर भिंतीचा फोटो दाखवला, तसा तो खुर्चीतून उठलाच.

"आजी, हे चौकोन उघडे का?"

"छाप दिसावा म्हणून!"

"अहो, बोर्ड पूर्ण झाकला तरच आमची हमी. असा उघडा ठेवला तर छाप असून नसल्यासारखाच."

म्हणजे जास्तीचे पैसे मोजून मी कौसल्याचाच बोर्ड लावला होता! परतीच्या रस्त्यात प्रदीप नाकासमोर बघून गाडी चालवत होता. पण पाठीवरून कळतं हो, माणूस हसतोय ते!

"रफिक, झाक सगळं!" रफिकनं झाकलं, घासलं, वरून रंग मारला. भिंत अशी गुळगुळीत, की माशी बसली तर घसरावी.

रविवारी पूजा झाली, पंगत बसली. कौसल्या मात्र ताट हातात घेऊनच भिंतीपाशी गेली. हात फिरवला. म्हणाली, "ब्येस झाली अक्का. पण छापाचाच बोर्ड आहे, हे कशावरून?"

मी बिल दाखवलं. "बिल काय, दुकानदार लिहील तसं."

भावकी जेवायची थांबली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. प्रदीप हळूच म्हणाला, "आई, जाऊ दे ना." जाऊ दे? मी?

"रफिक! जिलेबी राहू दे. छन्नी-हातोडा आण!"

पहिला चौकोन फोडला. आत कोरा बोर्ड. छाप कुठल्या जागी होता, कुणाच्या बापाला आठवतंय? वीतभर सरकून दुसरा फोडला. कोरा. मी म्हटलं, डावीकडं. रफिक म्हणाला, "नक्को अम्मा, उप्पर." डावीकडं फोडलं, उप्पर फोडलं. जिलेबीवर सिमेंटची भुकटी बसायला लागली, तशी कौसल्यानं ताट पदराखाली घेतलं आणि पुढं होऊन माझा हात धरला.

"मानलं अक्का, मानलं! छापाचाच आहे. भिंत तेवढी राहू द्या."

ऐकलंत? साऱ्या भावकीसमोर तिनं मानलं. तेव्हा जिंकले ती मीच.

खोलीत राहायला मात्र अजून गेलेले नाही. प्लास्टर वाळतंय.