सेल्फचा वरचा बोल्ट

पुंडलिकनगरात राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी यांनी एक जुनी गाडी घेतली. ती माझ्याहून फार तर दोन वर्षांनी लहान असेल. मला ती मुळीच आवडली नव्हती. पण रविवारी हे बनियनवर बादली घेऊन तिच्याशी बोलत बोलत तिला पुसायचे, ते बघायला मी हटकून खिडकीत उभी राहायची.

त्या दिवाळीनंतर तिचा सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, गेला. चावी फिरवली की नुसता टक् आवाज. मग रोज सकाळी मी पदर खोचून मागून धक्का मारायची, आणि उताराला लागल्यावर ती धूर सोडत सुरू व्हायची. पंधरा दिवस झाल्यावर मी सांगून टाकलं, "आई सोयगावला वाट बघतीय. तिथवर मी धक्का मारत जाणार नाय."

रविवारी गॅरेजवाले मिस्त्री घरी आले. वय साठीचं, बोलणं मऊ, पंजा मात्र भाकरीएवढा. सेल्फ दोन बोल्टांवर बसलेला. खालचा त्यांनी गाडीखाली झोपून लगेच काढला. वरचा इंजिनाच्या मागच्या अंगाला, पत्र्याला लागून. तो दिसतही नव्हता आणि तिथं हातही पोचत नव्हता. तासाभरात मिस्त्रींची बोटं सोलवटली. यांचा हात मनगटाशी अडकला, तो तेल सोडून बाहेर काढावा लागला.

"हात जाताच नई, साब. इंजिन उतारना पडेगा."

यांचा चेहरा असा उतरला की मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मी चहा घेऊन उभी होते. मिस्त्रींनी कप घेताना माझ्या हाताकडं पाहिलं आणि संकोचत म्हणाले, "भाभी, बुरा नको मानो. तुमारा हात छोटा है."

"तिला कशाला?" हे म्हणाले.

"कशाला म्हणजे? बघू तर द्या," म्हणत मी साबण लावून बांगड्या उतरवल्या.

आत काहीच दिसेना. मिस्त्री म्हणाले, "आंखां बंद करो. हातकूच दिखता." डोळे मिटले आणि खरंच, बोटांना एक नळी लागली, मग वायर, मग खडबडीत सहा कोनांचं डोकं. "सापडला!" मी ओरडले. पाना त्यावर बसवून धरला. मिस्त्रींनी खालून लांब सळईनं पान्याच्या दांड्याला रेटा दिला, तसा कर्रकन आवाज होऊन बोल्ट हलला. पुढं मी एकटीनं, दर खेपेला नखाएवढा फिरवत, तो काढला. हे शेजारी उभे राहून श्वास रोखून बघत होते.

संध्याकाळी मिस्त्री सेल्फ दुरुस्त करून घेऊन आले. आता तोच बोल्ट परत लावायचा होता. ग्रीस लावलं तरी पान्यातून तो निसटून खाली पडायचा. तिसऱ्यांदा पडल्यावर मी घरात गेले, रात्रीच्या पोळ्यांसाठी मळलेली चिमूटभर कणीक आणली आणि पान्यात दाबली. बोल्ट घट्ट चिकटून बसला. मिस्त्री खो खो हसले. "चालीस साल में ये नई सूझा!"

यांनी चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. हे गाडीतून उतरले. रॉकेलचा बोळा घेतला आणि तिथंच पायरीवर बसून माझं एकेक बोट पुसायला लागले. "लई लागलं का गं?" मनगटावरचा ओरखडा बघून त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. खरं तर चांगलंच चुरचुरत होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही सोयगावला गेलो. आईला गाडीत बसवून यांनी गावातून दोन चकरा मारल्या, आणि भेटेल त्याला थांबवून बोल्टाची गोष्ट सांगितली. कणकेसकट.