बाळ पालथं आणि डबा रिकामा

सुनेला तिसरा महिना संपत आला, तेव्हा सोनोग्राफीसाठी मी आणि मुलगा तिला मोताळ्याहून बुलढाण्याला नेलं. बाळाच्या मानेमागची जागा मोजायची होती. ती जाड निघाली तर जन्मजात दोषाची शंका घेतात, म्हणून सून सकाळपासून काळजीत होती. मी पिशवी नीट भरली होती: फाईल, पाणी, पेढ्यांचा डबा. बाळ मात्र पालथं, माप काही येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहेर थोडं फिरा, गोड खा, बाळ हलेल."

बाहेर येऊन मी डबा उघडला. आत नुसता कागद.

"काऊन रे, सगळे खाल्ले?" मी मुलाला विचारलं.

"आई, मले लय टेन्शन आलं होतं."

"अहो, बाळ माह्या पोटात अन् पेढे तुमच्या पोटात?" असं म्हणून सून जी हसत सुटली, ती थांबेचना. तशीच हसत तिला आत नेलं. बाळ वळलं होतं!

"माप अगदी व्यवस्थित आहे," बाई म्हणाल्या.

येताना मी नवा डबा घेतला. तो सुनेच्या मांडीवर ठेवला आणि मुलाला गाडी चालवायला बसवलं, दोन्ही हात स्टेअरिंगवर.