खिचडीतला केस

पौषातलं धुकं नऊ वाजले तरी धानाच्या बांध्यांवरून उठलं नव्हतं. शाळेच्या चुलीवर आंधण ठेवून तुलसा तांदूळ निवडत होती. दोन खडे काढले की हात डोक्याच्या फडक्याकडे जाई. गाठ घट्ट आहे ना?

दिवाळीच्या सुमारास जंगलात उदारामला वाघानं नेलं. तो आणि तुलसाचा नवरा मनिराम, दोघे वनमजूर. मनिराम वीस पावलं पुढे होता म्हणून वाचला. अजूनही त्याच वाटेनं जातो. तो परतेपर्यंत तुलसाच्या घशाखाली घास उतरत नाही. आधी मनगटांवर चट्टे उठले, खाजवून रक्त निघे. मग केस गळू लागले, फणीत, उशीवर, मुठीमुठीनं.

सोमवारी एका पोरीच्या ताटात खिचडीत केस निघाला. हेडमास्तर म्हणाले, "आणखी एक निघाला, तर दुसरी बाई पाहतो."

ही चूल टिकली तर उन्हाळ्यानंतर मनिरामनं जंगल सोडायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

आरोग्य उपकेंद्रातल्या सुलोचनाबाई सिस्टरनं फडकं सोडून पाहिलं.

"करणीबिरणी काही नाही वो. जिवाले घोर लागला का चामडीले आन केसाले पहिले समजते. झोपतेस का?"

"डोळे मिटले का वाघच दिसते, बाई."

"घोर गेला का केस येतीन. तोवर सारे काढून टाक, झंझट खतम."

संध्याकाळी तिनं मनिरामला केस काढू का, म्हणून विचारलं. त्याचा भाताचा घास हातातच राहिला.

"लोक बोडकी म्हणतीन तुले. मी जित्तो हावो ना अजून!"

तो हसला. केसांचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. एकाऐवजी दोन फडकी बांधू लागली.

आता तो काठी घेऊन शाळेच्या फाटकाशी थांबला.

"जाऊन राहिलो वो. चट्टे खाजवू नोको."

"धुकं तरी उतरू द्या, अजी."

"वाघ का धुकं पाहून येते?"

चार पावलांत तो दिसेनासा झाला. तुलसा तिकडेच पाहत राहिली, हात मनगट खाजवत राहिला.

मान खाली घातली, तर सुपात लांब काळा केस.

तिनं व्हरांड्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं. केस चुलीत टाकला, तो चरचरला, वास सुटला. पदरानं तिनं धूर हाकलला. घंटा झाली. आंधण उकळायला लागलं होतं.

तिनं फडक्याची गाठ ओढली, निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात पसरले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले.