जाताना टोकणारा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींतली नाही. या सदरातले अनुभव मी हॉस्टेलवर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही सगळ्या पोट धरून हसायचो. बी.फार्म झालेय. दिवसभर लॅबमध्ये असते, एखादा आकडा जरा इकडचा तिकडे झाला तर टेस्ट पुन्हा करते. तेव्हा "ताई, तुम्हाला भास झाला असेल" हे कृपया कोणी लिहू नका. ते मी स्वतःला शंभर वेळा सांगून झालंय... भागलं नाही.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, देवगाव फाट्यापासून तीन किलोमीटर आत. नाव सांगत नाही, कारण माझे वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणतो — अजून तिथल्याच शाळेवर मास्तर आहेत. फाट्यावरून एक रस्ता मंठ्यामार्गे जालन्याकडे जातो, तिकडून पुढे पुणे. दुसरा सेलूला जातो, तिथे हैदराबादची रेल्वे मिळते. गावातला जो कोणी बाहेर पडला, तो याच फाट्यावरून पडला.

गोष्ट जवळजवळ दोन वर्षांपूर्वीची. माझं शिक्षण संपलेलं, वय तेवीस, आणि मी कोणत्या शहरात जावं हे मला सोडून अख्ख्या गावाला माहीत होतं. मामा म्हणाला, "मुंबईबिगर करिअर न्हाई." हा मामा मुंबईला आयुष्यात एकदा गेलाय, तेही कुणाला तरी दवाखान्यात भेटायला. शेजारचे काका म्हणाले संभाजीनगर, कारण "सणासुदीला येता येतं." किराणा दुकानदाराने साखर मोजता मोजता सांगितलं, "पुण्याला पाणी चांगलं हाय." अरे, मी तिथे काय पाणी प्यायला चाललेय?

शेवटी पुणं ठरलं. मी नाही ठरवलं, ठरलं. तिथे माझा मोठा भाऊ असतो. वहिनीला सातवा महिना होता. भावाच्या मित्राचं मेडिकल होतं, तिथे काउंटरवर उभं राहायचं आणि भावाच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये झोपायचं. "तुलाबी नोकरी झाली, वहिनीलाबी हाताखाली कुणीतरी झालं," असं अण्णा सगळ्यांना खुशीत सांगत सुटले.

आणि मला हैदराबादची ऑफर आली होती. औषधांच्या कंपनीत, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये. तीन राउंड पास होऊन, स्वतःच्या हिमतीवर. मी एकदाच घरात विषय काढला. अण्णा म्हणाले, "तिकडं कोण हाय आपलं?" आणि विषय संपला. मी "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा मला आजही राग येतो. पण ऑफरचा मेल मी डिलीट केला नाही. होकार असेल तर गुरुवारी पाच वाजेपर्यंत कळवा, असं त्यात लिहिलं होतं. मी हो कळवलं नव्हतं आणि नाहीही कळवलं नव्हतं.

पुण्याला मला शुक्रवारपासून कामावर उभं राहायचं होतं. म्हणून मंगळवारी सकाळी निघायचं ठरलं. फाट्यावरून पुण्याची थेट एसटी सकाळी एकच. गाडी बदलत जायचं म्हटलं की अण्णा म्हणायचे, "दोन बॅगा घेऊन एकटी पोरगी कुठं उतरत चढत बसती?" आई हातावर दही-साखर देऊन दारात उभी राहिली. अण्णांनी मोटरसायकल काढली. मी बॅग खांद्याला लावून फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि —

"कुठं चालली गं बाई?"

समोरच्या लिंबाखाली एक म्हातारा उभा होता. तपकिरी कोट, हातात काळी छत्री. जानेवारीत, सकाळच्या कोवळ्या उन्हात छत्री! मी त्याला नीट बघितलं. त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं होतं, उत्तर मिळेपर्यंत थांबायची तयारी असल्यासारखं.

आता आमच्याकडे काय आहे, की घराबाहेर पडणाऱ्याला "कुठं चाललास?" असं कधी विचारायचं नाही. टोकलं म्हणतात त्याला. टोकलं की काम होत नाही, मग परत घरात यायचं, बसायचं, गूळ-पाणी घ्यायचं आणि नव्याने निघायचं. माझे वडील शाळेत अंधश्रद्धेवर दरवर्षी भाषण देतात. टाळ्या घेतात. पण मोटरसायकल बंद करून तेच पहिले ओरडले — "कोण टोकायलंय रे सकाळी सकाळी! चल, आत चल!"

"अण्णा, बस जाईल."

"जाऊ दे. आत."

बसले. गूळ खाल्ला. पाणी प्याले. फाट्यावर पोचलो तेव्हा एसटीचा नुसता धूर दिसला.

बुधवारी अण्णांनी मोर्चेबांधणीच केली. आदल्या संध्याकाळी गल्लीत घरोघर सांगून आले की सकाळी कुणी आमच्या पोरीला काही विचारू नका. लोक हसले असतील नाहीतर काय! वर आईला पुढच्या फाटकाशी राखणीला ठेवलं आणि मला मागच्या दाराने, गोठ्यातून काढलं. शेण चुकवत, बॅग डोक्यावर घेऊन मी चाललेय, पुढे अण्णा दबकत चाललेत. मला हसावं की रडावं कळेना. गोठा ओलांडला, कडब्याच्या गंजीला वळसा घातला —

"कुठं चालली गं बाई?"

तोच. तोच कोट, तीच छत्री. गंजीला टेकून उभा. अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मागे वळले.

"अण्णा, आज पण?"

"दोन दिवस सारखं टोकणं म्हंजी काहीतरी हाय. चल."

त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. मी त्या म्हाताऱ्याला दोन शब्द सुनवायला परत गंजीकडे गेले. नव्हता. गंजीच्या पलीकडे सगळं हरभऱ्याचं रान, गुडघ्याएवढंही पीक नाही, दूरवर माणूस दिसावा असं. कोणी नव्हतं. मी दुपारी गावात चौकशी केली. तपकिरी कोटाचा, छत्रीवाला म्हातारा कुणालाच माहीत नाही. कुणाचा पाहुणा नाही, कुणाचा सोयरा नाही. शेवटी एकजण मलाच म्हणाला, "तुला जायचं न्हाई म्हणून तू कायबी सांगायलीस का?"

भावाचा फोन आला. "तुम्ही लोक काय चेष्टा लावलीय? मित्राला मी काय तोंड दाखवू?" त्याचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं, वैताग फक्त माझ्या वाट्याला.

गुरुवार. काकांची कार मागितली. दारातच कार लावली, काचा वर, गाणी मोठ्याने. घरातून तीन पावलांत गाडीत. आई दारातच राहिली, तिने हातसुद्धा हलवला नाही, न जाणो काही अपशकुन व्हायचा. वाटेत कुठे थांबलो नाही. फाट्यावर पुण्याची एसटी उभी होती, चक्क वेळेवर. काका आम्हाला सोडून सेलूकडे निघून गेले. अण्णांनी बॅगा वर चढवल्या. मी दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला.

मागून, अगदी कानाजवळ — "कुठं चालली गं बाई?"

मी वळलेच नाही. अण्णांचा आवाज आला, "उतर." आणि तीन दिवसांचं सगळं एकदम वर आलं. गूळ, पाणी, शेण, मेडिकल, हॉलमधली गादी, सगळं.

"हैदराबादला!" मी ओरडले. एसटीतल्या बायका खिडकीतून बघायला लागल्या. "हैदराबादला चालले! झालं समाधान? कळलं आता?"

मग वळले. मागे फक्त अण्णा होते. त्यांच्या मागे रिकामा रस्ता आणि पलीकडे चहाचं हॉटेल. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, माझ्या बोलण्यानेच.

"कोणी विचारलं?" मी कंडक्टरला म्हणाले. "तुम्ही बघितलं ना?"

"कुणी काय विचारलं बाई? मी बघायलोय ते तुमचंच भांडण. बसायलात का बॅगा काढायलात, एवढं सांगा. लोकं खोळंबलेत."

अण्णांनी बॅगा खाली घेतल्या. एसटी गेली. आम्ही हॉटेलच्या बाकड्यावर बसलो. चहा आला, गार झाला. मी वाट बघत होते की आता तोंडसुख घेतील. बापासमोर भर फाट्यावर ओरडले होते मी, साधी गोष्ट नव्हती.

कप बाजूला सरकवून अण्णा म्हणाले, "ती मेल कुठाय?"

मी फोन दिला. त्यांनी चष्मा लावला आणि पेपर तपासायला घेतल्यासारखा तो मेल वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

"ऱ्हायचं काय?"

"कंपनीचं हॉस्टेल आहे. लिहिलंय खाली."

"हिंदी येती का तुला नीट?"

"तुमच्यापेक्षा बरी येते."

"तिकडं आपलं कुणीच न्हाई, शीतल."

"मी असेन ना, अण्णा."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यांनी भावाला फोन लावला. म्हणाले, "ती पुण्याला येत न्हाई." पलीकडून भावाचा आवाज मला बाकड्यावर ऐकू येत होता — मग वहिनीचं काय, मग मित्राला काय सांगू... अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी बायको हाय. तू बघ." आणि फोन ठेवला. मला वडिलांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्याकडे ती पद्धत नाही. मी तिथेच बसून मेलला हो कळवलं. पाचला अजून कितीतरी अवकाश होता.

रविवारी मी निघाले. यावेळी गल्लीतले सगळे मुद्दाम दारात उभे होते, तमाशा बघायला. पुढच्या फाटकातून, लिंबाखालून, सावकाश गेले. कोणीही, काहीही विचारलं नाही. सेलू स्टेशनपर्यंत नाही, गाडीत नाही. जणू सगळ्यांना माहीतच होतं.

इथवर असतं तर मी हे लिहिलंच नसतं. कोणीतरी खोडसाळ म्हातारा होता म्हणून सोडून दिलं असतं. पण या दिवाळीला घरी गेले होते. जेवणं झाल्यावर मी सहज म्हणाले, "अण्णा, तो छत्रीवाला पुन्हा नाही का हो दिसला?"

"कोणता छत्रीवाला?"

"अहो, टोकणारा! तपकिरी कोट. लिंबाखाली होता, गंजीपाशी होता..."

"मला कुणीच दिसलं न्हाई," अण्णा म्हणाले.

"म्हणजे? तुम्ही तर त्याच्यावर ओरडलात!"

"ओरडलो. कारण ऐकू आलं. दिसलं न्हाई कुणी. तिन्ही बारीला न्हाई." मग ते स्वयंपाकघराकडे बघून आवाज उतरवून म्हणाले, "आवाज तुझ्या आईचा होता."

 माझ्या कानांनी मी म्हाताऱ्याचा आवाज ऐकला होता.

"पहिल्या दिवशी वाटलं, हिलाच काय झालं टोकायला? वळून बघितलं तर पदर दातात धरून उभी होती. तोंड बंद. दुसऱ्या दिवशी ती पुढल्या फाटकाशी, आपण मागं. आन् फाट्यावर तर..." फाट्यावर तर ती तीन किलोमीटर लांब घरी होती.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"काय सांगू? मास्तरला फाट्यावर बायकोचा आवाज ऐकू यायलाय म्हणून सांगू?"

आता मला सांगा, याचं काय करायचं? दोन साक्षीदार, एकच प्रश्न, आणि एकाने पाहिलेलं दुसऱ्याने पाहिलं नाही, एकाने ऐकलेला आवाज दुसऱ्याने ऐकला नाही. लॅबमध्ये असा रिझल्ट आला तर मी सॅम्पल फेकून देईन. हे फेकताही येत नाही. मला अजून काहीही कळलेलं नाही, आणि न कळण्याचा मला भयंकर वैताग येतो.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई सकाळच्या डब्यासाठी भाकरी थापत होती. मी सरळ विचारलं, "आई, त्या दिवशी तू मला टोकलं होतंस का?"

"मी?" ती म्हणाली. "जाणाऱ्याला कुठं म्हणून विचारीत असतेत का? येडी का काय तू." भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग म्हणाली, "बारावीला होते मी, माहेरी पालमला. नर्सिंगचा फॉर्म आणला होता. तेवढ्यात हे स्थळ आलं. सगळ्यांनी सांगितलं इकडं जायचं, आले. विचारलं न्हाई कुणी."

नर्सिंगचा फॉर्म. तेवीस वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

"आणि विचारलं असतं तर?" मी म्हणाले. "कुठे गेली असतीस?"

मला वाटलं, हसेल, नाहीतर आठवायला थांबेल. भाकरी उलटता उलटता ती लगेच म्हणाली, "मुंबईला."